केसभर जागा: रॉस रायफलची गोष्ट

मंडळी, आज पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. विषय बंदुकीचा आहे, पण बंदुकीत रस नसला तरी वाचा. शेवटी गोष्ट आपल्या दारात येते.

एप्रिल १९१५. बेल्जियममधलं ईप्र. २२ तारखेच्या संध्याकाळी जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला. पश्चिम आघाडीवर विषारी वायूचा तो पहिला मोठा हल्ला. फ्रेंचांची फळी फुटली आणि शेजारच्या कॅनडाच्या डिव्हिजनवर सगळा भार आला. २४ तारखेला वायूचा ढग थेट कॅनडियन खंदकांवर आला. मास्क नव्हते. रुमाल, पट्ट्या ओल्या करून, काहींनी तर लघवीत भिजवून, तोंडावर दाबल्या आणि पोरं उभी राहिली.

समोरून जर्मन चालून येतायत. हातातली रायफल दोन-चार गोळ्या झाडते आणि बोल्ट अडकतो. रिकामी पुंगळी आतच. ओढून निघत नाही. मग रायफल जमिनीवर उभी टेकवायची आणि बोल्टच्या दांडीवर बुटाची टाच मारायची. नाहीतर खंदक खणायच्या हत्याराच्या दांड्याने ठोकायचं. पुंगळी निघाली की पुढची गोळी. परत तेच.

त्या लढाईत कॅनडाचे सहा हजारांवर जवान मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. त्यातले दोन हजारांवर मेलेले. वाचलेल्या ५,००० जणांची मोजणी झाली तेव्हा कळलं की १,४५२ जणांनी आपली सरकारी रायफल टाकून दिलीय आणि मेलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या हातातल्या ली-एनफिल्ड उचलल्यात. कुणाची परवानगी नाही, कागद नाही.

मला विचाराल तर त्या रायफलबद्दलचा सगळ्यात खरा अहवाल हाच होता. तो कुणी लिहिला नव्हता, एवढंच.

त्या टाकलेल्या रायफलचं नाव रॉस.

आता ती अडकत का होती? इथे थोडं तांत्रिक येईल, पण सोपं आहे.

रायफलच्या नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसेल एवढी पोकळी कोरलेली असते. तिला चेंबर म्हणतात. काडतूस म्हणजे पितळेची पुंगळी, आत दारू, पुढे गोळी. चाप ओढला की दारू पेटते आणि आत प्रचंड दाब तयार होतो. त्या काळच्या .३०३ काडतुसात हा दाब चौरस इंचाला साधारण १८ ते २० टन. आपल्या गाडीच्या टायरमध्ये ३०-३५ पौंड हवा असते. म्हणजे टायरच्या हजारपटीहून जास्त.

या दाबाने पितळ फुगतं आणि चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटतं. हे मुद्दामच ठेवलेलं असतं, नाहीतर वायू मागे येऊन झाडणाऱ्याच्या तोंडावर येईल. गोळी नळीतून बाहेर पडली की दाब जातो, पितळ किंचित आकसतं, पुंगळी सुटते. मग बोल्ट मागे ओढला की ती बाहेर.

हे सगळं जमण्यासाठी पुंगळी आणि चेंबर यांच्यात नेमकी जागा लागते. जास्त जागा असेल तर पुंगळी फाटते. कमी असेल तर आकसायला वाव राहत नाही, ती अडकते. घरात स्टीलचे दोन पेले एकात एक घट्ट बसलेत कधी? ओढा, फिरवा, निघत नाहीत. शेवटी गरम पाण्यात धरावे लागतात. तसंच. फक्त खंदकात गरम पाणी नसतं आणि समोरून कुणीतरी संगीन घेऊन येत असतं.

रॉसचं चेंबर नेमकं आणि तंग कापलेलं होतं. चूक म्हणून नाही, हौसेने. कारण ही रायफल मुळात नेमबाजीच्या आणि शिकारीच्या मैदानातली.

सर चार्ल्स रॉस हा स्कॉटलंडचा जमीनदार, बॅरोनेट, बंदुकांचा वेडा. १८९० च्या दशकापासून तो सरळ ओढायच्या बोल्टच्या रायफली बनवत होता. साध्या रायफलीत बोल्टची दांडी आधी वर उचलायची, मग मागे ओढायची, पुढे ढकलायची, खाली पाडायची. रॉसमध्ये सरळ मागे आणि सरळ पुढे. कोरड्या, स्वच्छ मैदानावर फार छान चालते.

कॅनडाला ती का हवी झाली, त्यामागचं कारण मात्र रास्त होतं. बोअर युद्धाच्या वेळी कॅनडाला ली-एनफिल्ड हव्या होत्या. ब्रिटनला स्वतःचंच पुरत नव्हतं, आणि कॅनडात बनवायची सोयही होईना. तेव्हा ओटावातल्या लोकांनी ठरवलं, आपली रायफल आपण बनवू. रॉसने पुढे येऊन क्वेबेकमध्ये कारखाना टाकला. ज्या समितीने रॉसची रायफल तपासली, त्या समितीत सॅम ह्यूज नावाचा एक खासदार होता. हा पुढे १९११ मध्ये संरक्षण खात्याचा मंत्री झाला. हे नाव लक्षात ठेवा.

पहिल्या हजार रायफली १९०५ मध्ये तिथल्या घोडेस्वार पोलिसांना दिल्या. सरावात बोल्टचा भाग उडाला आणि एकाचा डोळा गेला. पोलिसांनी रायफली परत केल्या. मग दुरुस्त्या, नवी आवृत्ती, परत दुरुस्त्या. १९१० ला तिसरी आवृत्ती आली. लांबी साडेपन्नास इंच, म्हणजे ब्रिटिशांच्या ली-एनफिल्डपेक्षा सहा इंच जास्त.

मैदानावर मात्र तिने नाव काढलं. इंग्लंडमधल्या बिस्लेच्या नेमबाजी स्पर्धांत १९०८ पासून रॉसने भल्याभल्यांना मागे टाकलं. शिकाऱ्यांसाठी .२८० रॉस हे काडतूस आलं. त्याची गोळी सेकंदाला तीन हजार फुटांच्या आसपास जायची, त्या काळी ही थक्क करणारी गोष्ट होती. हरणांसाठी उत्तम. पण १९११ मध्ये केनियात जॉर्ज ग्रे, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या परराष्ट्रमंत्र्यांचा भाऊ, हीच रायफल घेऊन सिंहावर गेला. हलकी, वेगवान गोळी जवळून लागली तरी सिंह थांबला नाही. ग्रे त्या जखमांनी मेला.

म्हणजे इशारे मिळत होते. एका कामासाठी उत्तम असलेली वस्तू दुसऱ्या कामाला चालेलच असं नाही, हे सिंहाने आधीच सांगितलं होतं. ऐकलं कुणी नाही.

१९१४ ला युद्ध लागलं. कॅनडाची पहिली डिव्हिजन रॉस घेऊन निघाली आणि १९१५ च्या फेब्रुवारीत फ्रान्सला पोचली. घरी सराव करताना हातात कॅनडात बनलेली काडतुसं होती. मापात काटेकोर. ती रॉसमध्ये सुरेख बसायची आणि सुरेख निघायची.

आघाडीवर मिळाली ब्रिटिश काडतुसं. लाखो-कोटींच्या संख्येने, घाईघाईत, जिथे यंत्र असेल तिथे बनवलेली. कुणी इंचाच्या दोन हजारांशाने जाड, कुणी तीन हजारांशाने. माणसाचा केस साधारण तीन हजारांश इंच जाड असतो. एवढाच फरक. केसभर.

ली-एनफिल्डचं चेंबर ऐसपैस कापलेलं होतं, तिने हे सगळं पचवलं. शिवाय तिची दांडी वर उचलताना बोल्ट आधी थोडासा मागे सरकतो आणि चिकटलेली पुंगळी सैल करतो, पहारीने दगड हलवावा तसा. मग ओढायला जोर लागत नाही. रॉसच्या सरळ बोल्टमध्ये हा पहारीचा जोर जवळजवळ नव्हताच. सगळं मनगटावर.

आता यातलं खरं दुखणं बघा, कारण बिघाड शोधायचा तर एका कारणावर थांबून चालत नाही.

पहिलं कारण, तंग चेंबर आणि जाड काडतूस. पुंगळी अडकली.

दुसरं कारण, गोळीबार जसा वाढतो तशी नळी तापते, त्यात चिखल, वाळू. खंदकात चिखल नसणं शक्यच नाही. अडकणं वाढलं.

तिसरं कारण सगळ्यात वाईट. बोल्टच्या तोंडावर आटे होते, ते बंदुकीच्या अंगातल्या आट्यांत फिरून कुलूप लागायचं. बोल्ट मागे ओढला की एका छोट्या खिट्टीवर येऊन थांबायचा, आणि ती खिट्टी नेमकी शेवटच्या आट्यावर आपटायची. हाताने ओढला तर काही नाही. पण पुंगळी अडकल्यावर बुटाने लाथ मारली की बोल्ट सुटून धाडकन मागे येणार आणि तो आटा खिट्टीवर चेपणार. चेपलेला आटा पुढच्या वेळी आत नीट जाणार नाही. मग बोल्ट बंद करायलाही लाथ. परत उघडायला लाथ. दर वेळी आटा जास्त चेपतो.

म्हणजे सैनिक जीव वाचवायला जे करत होता, त्यानेच रायफल आणखी बिघडत होती. आणि तपासणीला ती रायफल मागे पाठवली की टेबलावरचा माणूस म्हणणार, अरे, हिचा तर बोल्ट ठोकून खराब केलाय. दोष कुणाचा? वापरणाऱ्याचा!

इथे माझी एक आठवण सांगतो. मी उमेदीची काही वर्षं भोसरीत एका छोट्या कारखान्यात मशीन शॉपवर होतो. आम्ही एक बुश बनवायचो, गिऱ्हाइकाकडे तो एका पिनवर बसायचा. एके महिन्यात माल परत यायला लागला. पिन जात नाही. आमच्याकडे दोन गेज असतात, एक 'गो', एक 'नो-गो'. गो आत गेला पाहिजे, नो-गो गेला नाही पाहिजे. आमचे सगळे बुश पास. गिऱ्हाइकाच्या सगळ्या पिना त्यांच्या गेजवर पास. दोघांकडे सही-शिक्क्याचे कागद. आणि पिन बुशात जात नाही!

साहेबांनी पहिल्यांदा काय केलं? ऑपरेटरला मेमो. शिंदेकाका म्हणून जुने ऑपरेटर होते, त्यांचं नाव इथे बदललंय. ते म्हणाले, "साहेब, आपला बुश खालच्या मापाला चाललाय आणि त्यांची पिन वरच्या मापाला. दोघं पास आहेत, पण दोघांत जागाच उरली नाही. रीमर बदला." चार दिवस कुणी ऐकलं नाही. पाचव्या दिवशी रीमर बदलला, पन्नास मायक्रॉन जास्त. माल परत यायचा बंद झाला. मेमो मात्र काकांच्या फायलीत राहिला तो राहिलाच.

रॉसची गोष्ट वाचताना मला दर वेळी काका आठवतात. कारण शेवटी रॉसला तोच इलाज केला गेला. चेंबरमध्ये रीमर फिरवून ते काही हजारांश इंचाने मोठं केलं. खिट्टी मोठी केली, म्हणजे मार एका आट्यावर न येता पसरेल. सुधारलेली रॉस खूपच बरी चालायची. पण हे होईपर्यंत पोरांचा तिच्यावरचा विश्वास उडाला होता. लढाईत बंदूक चालेल का, हा विचार डोक्यात आला तरी माणूस अर्धा हरतो.

आता राजकारण. आणि आपला पुण्याचा धागा.

कॅनडाच्या पहिल्या डिव्हिजनचा सेनापती होता जनरल एडविन आल्डरसन. ब्रिटिश. युद्धाआधी १९०८ ते १९१२ हा माणूस आपल्या पुण्यात होता, सहाव्या पूना डिव्हिजनचा प्रमुख म्हणून. शिकारीचा नाद एवढा, की घोड्यावरून शिकार करणं हीच सैनिकाची शाळा, अशा अर्थाचं पुस्तक त्याने १९०० मध्ये लिहिलं होतं. म्हणजे बंदूक आणि शिकार या दोन्ही गोष्टी त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. (पुढे तीच पूना डिव्हिजन, आपल्या मराठा पलटणींसह, मेसोपोटेमियात कुतला वेढ्यात सापडली आणि एप्रिल १९१६ मध्ये तिला शरण जावं लागलं. ती वेगळी आणि फार दुःखाची गोष्ट आहे, कधीतरी लिहीन.)

आल्डरसनने ईप्रनंतर तक्रार केली. जून १९१५ मध्ये पहिल्या डिव्हिजनच्या हातात अधिकृतपणे ली-एनफिल्ड आल्या. पण नंतर आलेल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या डिव्हिजनकडे रॉसच होती. आल्डरसन तोपर्यंत सगळ्या कॅनडियन कोअरचा प्रमुख झाला होता. त्याने १९१६ च्या सुरुवातीला ओटावाला मुद्देसूद पत्र लिहिलं, रायफलचे दोष एकेक करून मांडले.

मंत्री सॅम ह्यूज खवळला. त्याच्यासाठी रॉस म्हणजे देशाचा स्वाभिमान होता. आपल्या देशाची रायफल, आपल्या कारखान्यातली, साहेबाच्या देशाने नाकारलं तेव्हा आपण उभी केलेली! तिच्यावर बोट ठेवणं म्हणजे कॅनडावर बोट. त्याने आल्डरसनला अपमानकारक उत्तर लिहिलं आणि त्याच्या प्रती सैन्यातल्या ढीगभर अधिकाऱ्यांना वाटल्या. विचार करा, लढाई चालू असताना सेनापतीच्या हाताखालच्या लोकांना मंत्र्याचं पत्र, की तुमच्या सेनापतीला काही कळत नाही. आल्डरसनचं पत्रही ओटावाच्या वर्तमानपत्रात फुटलं. घरोघरी चर्चा सुरू झाली.

मे १९१६ मध्ये आल्डरसनला कोअरच्या पदावरून हलवलं. सेंट एलॉयच्या लढाईत फटका बसला होता, ते कारण पुढे होतं, हे खरं. पण रायफलवरून मंत्र्याशी वैर घेतलेला माणूस वाचवायला ओटावातून कुणी येणार नव्हतं, हेही खरं. अखेर सरसेनापती डग्लस हेगने चौकशी करून सांगितलं, बदला. १९१६ च्या उन्हाळ्यात उरलेल्या डिव्हिजनांनाही ली-एनफिल्ड मिळाल्या. नोव्हेंबरात पंतप्रधान बोर्डेन यांनी ह्यूजचा राजीनामा घेतला. १९१७ ला सरकारने क्वेबेकचा कारखाना ताब्यात घेतला. सर चार्ल्स रॉसला पुढे त्याची २० लाख डॉलर भरपाई मिळाली.

बुटाने बोल्ट ठोकता ठोकता मेलेल्यांना काय मिळालं, ते तुम्हीच ठरवा.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ह्यूज पूर्ण खोटं बोलत नव्हता. तो म्हणायचा, दोष रायफलचा नाही, ब्रिटिश काडतुसांचा आहे. आणि काडतुसं खरंच खराब मापाची होती! कागदावर तो बरोबर होता. रॉस हे दर्जेदार काम होतं. चांगल्या हातात, चांगल्या काडतुसांवर तिच्याइतकी अचूक रायफल मिळणं कठीण. म्हणून तर सैन्याने ती बदलल्यावरही नेमबाजांनी, स्नायपर्सनी, ती सोडली नाही. फ्रान्सिस पेगामागाबो हा ओजिब्वे आदिवासी जवान, पहिल्या महायुद्धातल्या सगळ्यात नावाजलेल्या स्नायपर्सपैकी एक, रॉसच वापरायचा. स्नायपर आपली काडतुसं निवडून घेतो, रायफल कापडात गुंडाळून जपतो, मिनिटाला पंधरा गोळ्या झाडत नाही. त्याच्यासाठी ती मैदानावरचीच बंदूक राहिली.

पण साध्या शिपायाला काडतुसं निवडता येत नाहीत. जे पेटीत येईल ते भरायचं. मग प्रश्न असा उरतो, की काडतूस खराब आहे हे ठाऊक असताना, जुळवून घ्यायचं कुणी? कारखान्याने, रायफलने, की त्या पोराने? ब्रिटिशांनी हे जुळवून घेणं रायफलच्या चेंबरमध्ये कोरून ठेवलं होतं. ह्यूजने ते पोराच्या अंगावर टाकलं.

वाटेल की ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. पण पन्नास वर्षांनी अमेरिकेने हीच चूक जशीच्या तशी केली.

व्हिएतनाम, १९६६-६७. नवी एम-१६ रायफल. चाचण्यांमध्ये नावाजलेली. पण चाचण्या झाल्या एका प्रकारच्या दारूवर आणि नंतर काडतुसात भरली दुसऱ्याच प्रकारची. नव्या दारूमुळे यंत्रणेत वायूचा दाब वाढला, रायफल ठरवल्यापेक्षा जास्त वेगाने चालू लागली, काजळीही जास्त. पुंगळी आकसून सुटायच्या आधीच तिला ओढलं जायचं. त्यात चेंबरला क्रोमचा मुलामा दिलेला नव्हता, पैसे आणि वेळ वाचवायला. व्हिएतनामच्या दमट हवेत चेंबर गंजायचं, खडबडीत व्हायचं, पुंगळी त्यात रुतायची. आणि कहर म्हणजे या रायफलला फारशी सफाई लागत नाही असा समज पसरलेला, त्यामुळे सफाईचं सामानच पुरेसं पाठवलं नव्हतं.

पोरं काय करायची? सफाईची सळई नळीच्या पुढच्या टोकातून घालून अडकलेली पुंगळी मागे ढकलायची. भर लढाईत! मेलेल्यांजवळ सळई जोडलेल्या रायफली सापडल्या.

सैन्याचं पहिलं उत्तर ऐका: जवान रायफल साफ ठेवत नाहीत.

मग जवानांची घरी गेलेली पत्रं खासदारांकडे पोचली. काँग्रेसमन रिचर्ड इकॉर्ड यांच्या समितीने १९६७ मध्ये चौकशी केली आणि अहवालात स्पष्ट म्हटलं, की दारू बदलली आणि परिणाम तपासले नाहीत, हा निष्काळजीपणा जवळजवळ गुन्ह्याच्या पातळीचा आहे. पुढे चेंबरला क्रोम आला, सफाईचं सामान आलं, वापर शिकवला गेला. तीच रायफल मग अनेक दशकं चालली.

बघा, इलाज दोन्ही वेळेला साधा होता. चेंबर थोडं मोठं करा, मुलामा द्या, चाचणी खऱ्या काडतुसावर घ्या. वेळ लागला तो तक्रार खरी मानायला.

आपल्याकडेही येऊ. १८६९ पासून खडकीत काडतुसं बनतायत, खानदेशात वरणगावला बनतायत, आणि इन्सास रायफलचा आराखडा पुण्यात पाषाणच्या एआरडीईमध्ये झाला. म्हणजे हा विषय आपल्या घरातला आहे. आपल्याला त्याचा अभिमान आहे आणि असावाच. पण कारगिलच्या थंडीत इन्सासची मॅगझिन तडकतात, रायफल अडकते, अशा तक्रारी जवानांकडून आल्या, आणि मग सुधारणा कराव्या लागल्या. २००५ मध्ये नेपाळच्या सैन्याचे ४३ जवान माओवाद्यांशी लढताना मारले गेले. तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं की आमच्या इन्सास ऐन वेळी थांबल्या. आपल्या दूतावासाचं उत्तर काय होतं? वापर नीट झाला नसेल, हवं तर प्रशिक्षण देतो.

ओळखीचं वाटतंय ना?

मी स्वदेशीच्या विरोधात नाही, उलट आहे. कॅनडाने स्वतःची रायफल बनवायचं ठरवलं हे मला आजही बरोबर वाटतं. चुकलं कुठे, तर ती रायफल देशाची इज्जत झाली आणि मग तिच्यात दोष असणंच अशक्य झालं. ज्या वस्तूवर बोलायची सोय नाही ती वस्तू सुधारत नाही. खरं प्रेम असतं तर तो डोळा गेला तेव्हाच ऐकलं असतं.

आणि हे बंदुकीपुरतं नाही, म्हणून तर ही पोस्ट.

रेशनच्या दुकानात मशीनवर अंगठा ठेवायचा असतो. ऊसतोड, बांधकाम, धुणीभांडी करून ज्यांचे ठसे झिजलेत त्यांचा अंगठा उमटत नाही. दुकानदार म्हणतो, आजी, हात धुवून या. आजी हात धुवून येतात. परत नाही. पुसून या. परत नाही. शेवटी उद्या या. मशीन कुठेतरी तपासूनच पास झालं असणार. पण ते कुणाच्या बोटांवर तपासलं? ज्यांनी चाळीस वर्षं कोयता धरलाय त्यांच्या बोटांवर, की फाईल धरणाऱ्यांच्या? आजींना हात धुवून या म्हणणं आणि शिपायाला रायफल साफ ठेव म्हणणं, यात मला काही फरक दिसत नाही. दोन्हीकडे कागद बरोबर आहे, वस्तू पास आहे, आणि जुळवून घ्यायचं ते सगळ्यात खाली उभ्या असलेल्या माणसाने.

एखादी नवी गोष्ट येते तेव्हा, मग ती रायफल असो, मशीन असो, ॲप असो की योजना असो, मला तीन प्रश्न विचारावेसे वाटतात. हिची चाचणी ज्याच्या हातात पडणार त्याच्याच सामानावर, त्याच्याच चिखलात घेतली का? काही अडलं तर वरून जुळवून घ्यायला केसभर जागा ठेवलीय का? आणि पहिली तक्रार आली तेव्हा आपण मोजमाप घेतलं, की मेमो दिला?

ईप्रच्या त्या १,४५२ पोरांना मोर्चा काढता येत नव्हता, पत्रकार परिषद घेता येत नव्हती. त्यांनी हातातली रायफल टाकली आणि चालणारी उचलली. वरच्यांनी ती मोजणी बेशिस्तीची म्हणून न वाचता चाचणीचा निकाल म्हणून वाचली असती, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या डिव्हिजनला आणखी वर्षभर थांबावं लागलं नसतं.

तुमच्या कामाच्या ठिकाणी, गावात, ऑफिसात असे कुणी शिंदेकाका आहेत का, ज्यांनी आधीच सांगितलं होतं आणि ज्यांना मेमो मिळाला? नावं नकोत, किस्सा सांगा. कमेंटमध्ये वाट बघतो.